ट्रॅकवर कुणालाही साईड देऊ नका

रस्त्यावर गाडी पळवण्यात आता राम राहिला नाही. एक्स्प्रेस वेवर कॅमेरे बसले, बोरघाटात तिन्ही लेनमध्ये कंटेनर एकमेकांशी गप्पा मारत चढतात, आणि घरापासून हायवेपर्यंतच्या खड्ड्यांतच सस्पेन्शनची हौस फिटते. म्हणून पुण्या-मुंबईची हौशी मंडळी हल्ली ट्रॅक डेला, म्हणजे शर्यतीच्या ट्रॅकवर आपली गाडी पळवायला जातात. कोइम्बतूरजवळ चेट्टिपाळयमला कारी मोटर स्पीडवे आहे, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईला मद्रास मोटर स्पोर्ट्स क्लबचा ट्रॅक आहे, आणि खिसा जरा जड असेल तर ग्रेटर नोएडाचं बुद्ध सर्किट आहे. फी भरायची, 'मला काही झालं तर मीच जबाबदार' अशा अर्थाच्या कागदावर न वाचता सही ठोकायची, हेल्मेट घालायचं आणि सुटायचं. समोरून कोणी येत नाही. म्हैस आडवी येत नाही, राँग साईडने दुधाच्या किटल्या लटकवलेली मोटारसायकल येत नाही, पावती फाडायला कोणी उभं नसतं.

खोट एकच. ट्रॅकवर इतर लोकही असतात. त्यांच्यापासून जीव आणि बंपर कसा वाचवायचा हे कोणी नीट सांगत नाही, म्हणून हा प्रपंच.

इतर लोक म्हणजे ज्यांना गाडी चालवता येत नाही असे. तुमची गोष्ट वेगळी. तुम्ही ताम्हिणी घाट भर पावसात, रात्री, एका हातात वडापाव धरून उतरला आहात. ट्रॅकवर जमलेल्या कुणालाही विचारून बघा, प्रत्येकाने कुठला ना कुठला घाट अगदी अस्साच उतरलेला असतो. फरक इतकाच, की ते थापा मारत असतात.

तेव्हा फॉर्मवर 'अनुभव' विचारला की नोव्हिस, इंटरमीडिएट वगैरे न बघता सरळ अॅडव्हान्स्ड लिहा. नोव्हिस ग्रुपमध्ये कधीकधी शेजारी इन्स्ट्रक्टर बसवतात आणि तो बिचारा तासभर 'लांब बघा, लांब बघा' एवढंच सांगत राहतो. आधी कोल्हापूरला मोहित्यांच्या कार्टिंग ट्रॅकवर जाऊन हात साफ करून या, असा सल्ला देणारेही भेटतील. ऐकू नका. कार्टिंगमध्ये दहा वर्षांची पोरगी तुम्हाला मागे टाकून जाण्याचा धोका असतो, आणि तो कुठल्याही हेल्मेटने टळत नाही.

सकाळी सगळ्यांना एकत्र बसवून ब्रीफिंग देतात, म्हणजे नियम आणि ट्रॅककडेला दाखवतात त्या झेंड्यांचे अर्थ सांगतात. वेळ नेमकी इडली-वड्याची. तुम्ही वडा घ्या. झेंडे काय, चौकातल्या सिग्नलइतके सोपे असतात आणि सिग्नलचं आपण काय करतो हे काही कुणी शिकवायला नको. पिवळा दिसला म्हणजे पुढे कोणीतरी गाडी आडवी घातली आहे, वेग कमी करा, ओव्हरटेक बंद. अर्थात पुढचे सगळे हळू झाले की चार जणांना एकदम मागे टाकायची अशी संधी पुन्हा येत नाही. लाल म्हणजे सेशन थांबलं, सावकाश पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकलगतच्या गाड्या थांबवायच्या जागेत या. हातातली लॅप, म्हणजे ट्रॅकची फेरी, अर्धवट सोडणं बरं दिसत नाही, ती पुरी करूनच या. काळ्यावर नारिंगी ठिपका असलेला झेंडा तुमच्या गाडीचा नंबर दाखवून फडकवला, तर गाडीतून काहीतरी गळतंय किंवा लोंबतंय, ताबडतोब बाहेर या, असा त्याचा अर्थ. पण तेल सांडतं ते तुमच्या मागे. त्यावरून घसरणारे मागचेच. तुम्ही पुढे असल्याने तुमच्या सुरक्षिततेशी त्याचा काय संबंध? आणि निळा झेंडा म्हणजे मागून तुमच्यापेक्षा वेगवान गाडी येते आहे, असा झेंडे दाखवणाऱ्या मार्शलचा झालेला गैरसमज.

स्क्रुटिनी, म्हणजे ट्रॅकवर सोडण्याआधी गाडीची तपासणी करणारा माणूस गाडीतलं सगळं सुटं सामान काढायला लावतो. पायाखालचं मॅट, डिकीतला जॅक, डॅशबोर्डवर डबल टेपने चिकटवलेला गणपतीसुद्धा. गणपतीवरून वाद घाला, तेवढ्यात दाराच्या कप्प्यातली पाण्याची बाटली त्याच्या नजरेतून सुटते. ही अर्ध्या लिटरची बाटली पहिल्या कडक ब्रेकला कप्प्यातून उडी मारून पायाशी येते. पुढच्या वळणात या कोपऱ्यातून त्या कोपऱ्यात गडगडते. आणि त्यापुढच्या ब्रेकला पेडलच्या बरोब्बर मागे जाऊन बसते. मग तुम्ही पेडल दाबता आणि ते निम्म्यातच अडतं. बाटली बिसलेरीची असो की बोअरच्या पाण्याने भरलेली, चेपायला लागणारा वेळ सारखाच.

आता मुख्य मुद्दा. ओव्हरटेक.

आयोजक कंठशोष करून सांगतात की ट्रॅक डे म्हणजे शर्यत नव्हे. पहिला नंबर नाही, कप नाही, पोडियमवर कुणी फवारे उडवणार नाही. ओव्हरटेक फक्त सरळ पट्ट्यात करायचा, तोही पुढच्याने खिडकीतून हात काढून बोट दाखवल्यावर. उजवीकडे बोट दाखवलं तर उजवीकडून जा, टपावरून डावीकडे दाखवलं तर डावीकडून. याला पॉइंट-बाय म्हणतात. बोट दाखवणाऱ्याने आपली लाईन, म्हणजे गाडीचा ठरलेला मार्ग सोडायची नाही, फक्त अॅक्सिलरेटरवरचा पाय जरासा उचलायचा. सुखरूप बाजूने जाण्याची जबाबदारी मागच्याची. म्हणजे लाखो रुपयांच्या गाड्या, हेल्मेटं आणि बॅरियर एकीकडे, आणि सगळी भिस्त एका अनोळखी माणसाच्या बोटावर.

ज्या माणसाने सातारा रोडवर रुग्णवाहिकेलाही विचार करून साईड दिली, त्याने इथे फी भरून, हात बाहेर काढून, स्वखुशीने 'जा बाबा पुढे' म्हणायचं? आपली काही इज्जत आहे की नाही?

समजा तुमची गाडी दोनशे घोड्यांची आहे. आरशात एक जुनी स्विफ्ट दिसते, चालवणारी मुलगी विशी-बाविशीची. वळणात ती तुमच्या डिकीत डोकावते, कारण तिला ब्रेक कुठे मारायचा आणि अपेक्स, म्हणजे वळणाचा सगळ्यात आतला बिंदू, कुठे गाठायचा हे ठाऊक आहे. सरळ पट्टा आला की तुम्ही पाय दाबता आणि ती लहान होत जाते. पुढच्या वळणाला ती पुन्हा तिथेच. असं पाच लॅप चालवा. हिचं इंजिन लहान, तेव्हा आपणच वेगवान, हे गणित डोक्यात पक्कं ठेवा. ज्यांच्या नावाने कारी स्पीडवे आहे, त्या करिवर्धन यांनी मारुती ८००चं इंजिन घालून फॉर्म्युला मारुती गाड्या बनवल्या, आणि तसल्याच गाडीत सुरुवात करून नारायण कार्तिकेयन फॉर्म्युला वनपर्यंत पोचला. पण त्याचा नाइलाज होता, त्याच्याकडे तुमची गाडी नव्हती.

मार्शलने चारदा निळा झेंडा दाखवला आणि अगदीच लाज वाटली, तर एक मधला मार्ग आहे. बोट दाखवायचं, पण पाय उचलायचा नाही. तिला वाटतं वाट मिळाली. ती बाजूला येते, तुमच्या दाराशी दार लावते आणि तिथेच अडकते, कारण तुमचे दोनशे घोडे अजून धावतायत. पट्टा संपत येतो. वळण दोनशे मीटरवर असल्याचा बोर्ड, मग शंभरचा बोर्ड. वळणात एका गाडीची लाईन आहे आणि दोन गाड्या आहेत. आता कोणीतरी आधी ब्रेक मारायला हवा, आणि तुम्ही तर शिष्टाचाराने बोट दाखवून मोकळे झालेले आहात.

याच्या उलट काही सज्जन असतात. मागे गाडी दिसली की ते घाबरून भर वळणातच लाईन सोडतात आणि ब्रेक मारत बाजूला होतात. मागच्याने नेमकी तीच बाजू धरलेली असते. ही सभ्यता ग्रॅव्हलमध्ये, म्हणजे ट्रॅककडेच्या खडीत उतरवते.

तुम्ही स्वतः मागे असाल तेव्हा मात्र बोटाची वाट बघत बसू नका. डिपर द्या. हॉर्न हेल्मेटमधून ऐकू जात नाही, तरी मनाच्या समाधानासाठी वाजवा. पुढच्याच्या बंपरला इतकं चिकटून राहा की त्याचे ब्रेक लाइट तुम्हाला दिसण्याऐवजी जाणवले पाहिजेत. आणि अपेक्सला आतून घुसा. आपण रस्त्यावर ज्याला कट मारणं म्हणतो, तेच. पुढचा त्याच जागी वळणार आहे आणि तुम्ही तिथे असाल हे त्याला माहीत नाही, हा त्याचा प्रश्न.

बुद्ध सर्किटवर ही मजा अधिक मोठ्या प्रमाणावर मिळते. फॉर्म्युला वनच्या सेबॅस्टियन वेटेलने २०११ ते २०१३ अशी तिन्ही वर्षं इंडियन ग्रांप्री जिंकली तो हा ट्रॅक. मागचा सरळ पट्टा किलोमीटरभर लांब. तिथे दोन गाड्यांच्या वेगात ताशी ८० किलोमीटरचा फरक सहज पडतो, म्हणजे सेकंदाला बावीस मीटर. आरशात शंभर मीटर मागे दिसलेला ठिपका पाच सेकंदांच्या आत तुमच्या मागच्या काचेवर असतो. म्हणून तिथे आरसा बघूच नये, उगाच मन विचलित होतं.

कधीतरी गाडी ट्रॅक सोडून मातीत जाईल. घाबरू नका, इतरांना घाबरवा. शिकवणारे सांगतात, स्टिअरिंग सरळ ठेवा, मातीतच वेग कमी होऊ द्या, थांबा, मार्शलने खूण केली की कडेकडेने परत या. यात फार वेळ जातो. त्यापेक्षा स्टिअरिंग जोरात ट्रॅककडे वळवा. गवतात पकड नसल्याने आधी काहीच होत नाही, म्हणून आणखी वळवा. मग वळलेली पुढची चाकं डांबराला लागतात, एकदम पकड घेतात, आणि गाडी तिरकी होऊन पूर्ण ट्रॅक ओलांडत पलीकडच्या भिंतीकडे निघते. वाटेत जे कोणी येतील ते इतर लोक.

गाडी गरकन फिरली, तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून धरा म्हणतात. तशी धरलेली गाडी घसरते ती साधारण एका दिशेने, त्यामुळे मागच्यांना कुठून निसटायचं ते ठरवता येतं. तुम्ही मध्येच ब्रेक सोडा. मग ती कुणीकडे जाईल हे तुम्हालाही सांगता येणार नाही, त्यांना तर नाहीच. थांबल्यावर बेल्ट लावून आत बसून राहायचं असतं. पण नव्या अलॉय व्हीलला ओरखडा आला असेल तर उतरून, वाकून बघितल्याशिवाय चैन कसं पडणार?

ब्रेकचं थोडक्यात सांगतो. नव्या कोऱ्या डॉट-४ ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश असावा लागतो. ते हवेतली ओल शोषून घेतं, आणि पुरेशी शोषली की तो १५५ च्या आसपास उतरतो. तुमच्या गाडीतलं ऑइल बदलून तीन पावसाळे झालेत, पण निघण्याआधी सर्व्हिसिंगला 'सगळं चेक केलं साहेब' असं ऐकलंय, तेवढं पुरे. तिसऱ्या-चौथ्या लॅपला जळका वास येईल. पेडल आधी मऊ लागेल, मग खोल जाईल. ऑइल उकळून त्यात वाफेचे बुडबुडे झालेले असतात, आणि तुम्ही पायाने ते बुडबुडे दाबत असता. इथे घाबरट लोक पिटमध्ये येतात. तुमच्यापुढे गाडी आहे, तीच थांबवेल तुम्हाला.

सेशन संपल्याचा काळ्या-पांढऱ्या चौकड्यांचा चेकर्ड फ्लॅग पडला की शेवटची लॅप ब्रेक आणि इंजिन थंड करण्यासाठी सावकाश मारायची असते. सगळे सावकाश, तुम्ही एकटे सुसाट. दिवसातली बेस्ट लॅप हीच. मग पॅडॉकमध्ये, म्हणजे गाड्या उभ्या करायच्या आवारात येऊन, चाकांतून धूर निघत असताना, हँडब्रेक कचकन ओढा. निखाऱ्यासारख्या तापलेल्या डिस्कला पॅड तिथेच चिकटून बसतात, आणि परतीच्या बाराशे किलोमीटरला जरा विषय मिळतो.

राहता राहिला इन्शुरन्स. पॉलिसीचा कागद एरवी कोणी वाचत नाही. त्यात बारीक अक्षरात लिहिलेलं असतं, की आयोजित शर्यत, पेसमेकिंग, वेगाची चाचणी अशा वापरात झालेलं नुकसान भरून मिळणार नाही. 'पण ही शर्यत नव्हतीच' हे वाक्य तुम्हाला इथे पहिल्यांदा आठवेल, आणि आयोजकांचं म्हणणं किती बरोबर होतं तेही पटेल. तरीही धोका नको म्हणून मंडळी बंपर दोरीने बांधून पुण्यापर्यंत आणतात आणि सर्व्हेअरला सांगतात, 'कात्रजच्या बोगद्याअलीकडे रानडुक्कर आडवं आलं हो.' डुकराचा रंग, वेळ, अंधार, सगळं घोकून ठेवा. चाकांत अडकलेले खडे उकरून काढा, दारावरचा चिकटवलेला नंबर सोलून टाका. सर्व्हेअर शांत माणूस असतो. तो फोटो काढतो, चहा घेतो, डुकराबद्दल सहानुभूती व्यक्त करतो. मग मोबाईल काढून तुमचाच व्हिडिओ लावतो, कोपऱ्यात लॅप टायमर पळतोय तो, आणि विचारतो, 'साहेब, हे रानडुक्कर तिसऱ्या लॅपला आलं का चौथ्या?'