‘दहावीनंतर रसायनाची उजळणी नको’ : फिरत्या संदेशातील सहा मुद्दे

दहावीचा निकाल लागून अकरावीच्या प्रवेशयाद्यांची वाट पाहण्याचे दिवस आले की पुण्यातल्या पालकांच्या व्हॉट्सॲप गटांवर एक संदेश हमखास फिरू लागतो. यंदा तो मला तीन ठिकाणांहून आला : आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या गटावर, एका जुन्या विद्यार्थिनीच्या आईकडून आणि, याचे मात्र नवल वाटले, एका सहकारी शिक्षकांकडून. मी कनिष्ठ महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे पुढच्या दोन वर्षांत या संदेशाचे परिणाम तपासणे माझ्याच वाट्याला येते. संदेशाचे म्हणणे थोडक्यात असे : रसायनशास्त्र हा पाठांतराचा विषय आहे, संयुजांचा (म्हणजे अणूंच्या एकमेकांशी जोडले जाण्याच्या क्षमतेचा) तक्ता आणि तिरक्या अदलाबदलीची युक्ती आली की सूत्रे येतात, मोल म्हणजे एक मोठी संख्या, ती लक्षात ठेवली की पुरे, समीकरणे संतुलित करणे हे एका गुणाचे काम आहे, नववी-दहावीत शिकवलेले बरेचसे चुकीचे असते आणि अकरावीत सगळे शून्यापासून शिकवतात, आणि प्रयोग ही वही भरण्याची औपचारिकता आहे. म्हणून सुट्टीत पायाभूत रसायनाची उजळणी करू नये, थेट पुढच्या भागाचा वर्ग लावावा.

पहिल्या मुद्द्यात अर्धे सत्य आहे, ते आधीच मान्य करून टाकते. चाळीसेक मूलद्रव्यांच्या संज्ञा आणि सल्फेट, नायट्रेट, कार्बोनेट, अमोनिअम अशा आयनांचे प्रभार पाठच असावे लागतात आणि त्याला दुसरा उपाय नाही. परंतु भाषेची मुळाक्षरे पाठ करावी लागतात म्हणून भाषा पाठांतराची ठरत नाही. आवर्तसारणीचेच उदाहरण घ्यावे, कारण पाठांतराचा सर्वांत मोठा ढीग म्हणून मुले तिच्याकडेच बोट दाखवतात. मेंडेलीव्हने १८६९ मध्ये ती मांडली तेव्हा काही घरे जाणूनबुजून रिकामी सोडली होती आणि पुढे अॅल्युमिनिअमखालच्या रिकाम्या घरात येणाऱ्या मूलद्रव्याचे गुणधर्मही सांगून ठेवले होते. १८७५ मध्ये फ्रान्समध्ये लकॉक द बुआबोद्रां यांना ते मूलद्रव्य, म्हणजे गॅलिअम, सापडले आणि त्याची घनता त्यांनी ४.७ मोजली. ज्याने तो धातू डोळ्यांनीही पाहिला नव्हता त्या मेंडेलीव्हने कळवले की ती ५.९ च्या जवळपास असायला हवी. नमुना अधिक शुद्ध करून पुन्हा मोजल्यावर ती ५.९ च भरली. जी यादी नुसती पाठ करायची असते ती मोजणाऱ्याची चूक दाखवू शकत नाही.

दुसऱ्या मुद्द्यावर मला अधिक थांबावेसे वाटते, कारण तो सर्वांत निरुपद्रवी दिसतो आणि सर्वांत जास्त नुकसान करतो. अॅल्युमिनिअमची संयुजा ३, ऑक्सिजनची २, आकडे तिरके फिरवले की अॅल्युमिनिअम ऑक्साइडचे सूत्र तयार. मॅग्नेशिअम ऑक्साइडमध्ये दोन्हीकडे २ आले तर सामाईक अवयवाने भागून टाकावे. आयनिक संयुगांपुरती ही युक्ती बरोबर चालते आणि मीही ती वर्गात शिकवते. मात्र ज्याला ही युक्ती म्हणजेच सूत्र असे वाटते, त्याच्यापुढे हायड्रोजन पेरॉक्साइड ठेवून पाहावे. घरातल्या प्रथमोपचाराच्या पेटीत असणाऱ्या या द्रव्याच्या रेणूत हायड्रोजनचे दोन आणि ऑक्सिजनचे दोन अणू असतात. युक्तीवर विसंबणारा विद्यार्थी सवयीने दोनने भागतो आणि उत्तर लिहितो ‘एचओ’.

गंमत अशी की हेच ‘एचओ’ एकेकाळी पाण्याचे सूत्र म्हणून लिहिले जात होते, आणि लिहिणारा माणूस साधा नव्हता. अणुसिद्धांत मांडणाऱ्या डाल्टनचा नियम असा होता की दोन मूलद्रव्यांचे एकच संयुग ठाऊक असेल तर त्यात दोघांचा एकेक अणू धरावा. पाण्यात वस्तुमानाने हायड्रोजनचा १ भाग आणि ऑक्सिजनचे ८ भाग असतात. तेव्हा पाणी ‘एचओ’ असेल तर ऑक्सिजनचा अणू हायड्रोजनच्या ८ पट जड ठरतो आणि ‘एचटूओ’ असेल तर १६ पट. केवळ तराजूवर विसंबून यातले खरे कोणते हे सांगता येत नाही. गे-ल्युसॅकने १८०८ मध्ये दाखवले की हायड्रोजनच्या दोन आकारमानांशी ऑक्सिजनचे एक आकारमान संयोग पावते आणि वाफेची दोन आकारमाने मिळतात. अॅव्होगाड्रोने १८११ मध्ये त्याचा अर्थ लावला : सारख्या तापमानाला आणि दाबाला वायूंच्या सारख्या आकारमानांत सारखेच रेणू असतात, म्हणजे पाणी ‘एचटूओ’च. तरीही जवळजवळ अर्धशतक त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. १८६० मध्ये जर्मनीतील कार्ल्सरूहे येथे रसायनशास्त्रज्ञ जमले, तेथे इटालियन रसायनशास्त्रज्ञ कॅनिझारो यांच्या पुस्तिकेने हा गोंधळ मिटवण्याची सुरुवात केली. सांगायचे ते हे, की सूत्र हा वजने आणि आकारमाने मोजून काढलेला निष्कर्ष असतो आणि संयुजांचा तक्ता त्या निष्कर्षांमधून मागाहून तयार झालेला आहे. विद्यार्थ्याने उलट्या टोकाने सुरुवात केली की दहावीतच भेटलेले इथाइन आणि बेंझीन त्याला अडवतात. दोन्हींत कार्बन आणि हायड्रोजन यांचे प्रमाण एकास एक आहे. मात्र एक वेल्डिंगवाल्याच्या टाकीतला वायू आहे आणि दुसरा द्रव. भागाकार करून मोकळे होणाऱ्याला हा फरक कधीच दिसत नाही.

तिसरा मुद्दा मोलचा. ६.०२२ गुणिले १० चा २३ वा घात ही संख्या मुलांच्या तोंडात इतकी बसलेली असते की अॅव्होगाड्रो म्हटल्याबरोबर ती बाहेर पडते. पण ‘९ ग्रॅम पाणी म्हणजे किती मोल?’ असे विचारले की वर्ग शांत होतो. एक मोल पाणी १८ ग्रॅम भरते, म्हणून उत्तर अर्धा मोल, आणि ते काढायला ती राक्षसी संख्या मुळीच लागत नाही. बोहरी आळीतल्या हार्डवेअरच्या दुकानातला माणूस हे अधिक चांगले समजावून देईल. समजा एका बोल्टचे वजन २० ग्रॅम आणि त्यावर बसणाऱ्या नटचे ८ ग्रॅम आहे. गिऱ्हाइकाने किलोभर बोल्ट घेतले आणि तेवढेच नट मागितले, तर दुकानदार मोजत बसत नाही, ४०० ग्रॅम नट काट्यावर टाकतो. नग किती झाले हे दोघांपैकी कोणीही मोजलेले नसते, तरी जोड्या बरोबर लागतात. रसायनशास्त्रज्ञांनी एकोणिसाव्या शतकात बराच काळ नेमके हेच केले. सापेक्ष अणुवस्तुमाने त्यांच्या हाताशी होती, पण प्रत्यक्ष नग किती याचा पहिला ढोबळ अंदाज योहान लोश्मिट यांच्या १८६५ च्या कामातून मिळाला आणि ‘अॅव्होगाड्रोचा स्थिरांक’ हे नाव पेरँ यांनी १९०९ मध्ये दिले. अलीकडे, २० मे २०१९ पासून, मोलची व्याख्याच ६.०२२१४०७६ गुणिले १० चा २३ वा घात इतके नग अशी निश्चित करण्यात आली, तरी रोजच्या हिशेबात काम करते ती वजनावरून जोड्या लावण्याचीच कल्पना.

ही कल्पना पक्की नसली की काय होते ते पाहण्यासाठी मी दरवर्षी पहिल्या आठवड्यात एक प्रश्न घालते : १० ग्रॅम हायड्रोजन आणि १० ग्रॅम ऑक्सिजन यांच्या संयोगातून किती पाणी मिळेल? नव्वदीच्या पुढे गुण असलेली मुलेही वस्तुमान अक्षय्यतेचा नियम आठवून ‘२० ग्रॅम’ असे लिहितात. नियम बरोबर आहे, वापर चुकला आहे. १० ग्रॅम ऑक्सिजनला १.२५ ग्रॅमच हायड्रोजन लागतो, पाणी ११.२५ ग्रॅम मिळते आणि ८.७५ ग्रॅम हायड्रोजन तसाच उरतो. दुकानातही बोल्ट आणि नट दोन्ही किलो-किलो घेतले तर नटांची रास उरणारच. मर्यादक अभिकारक (जो आधी संपतो तो पदार्थ) हे अकरावीतले नाव भारदस्त आहे, हिशेब मात्र एवढाच आहे, आणि नववीच्या ‘द्रव्याचे मोजमाप’ या पाठाची पेन्सिल घेऊन उजळणी केलेल्या मुलाला तो दहा मिनिटांत कळतो.

समीकरणे संतुलित करणे हे एका गुणाचे काम आहे, हे प्रश्नपत्रिकेपुरते खरे असेल. प्रयोगशाळेत तीच चूक उत्तर निम्मे करते. ऑक्झॅलिक आम्लाच्या एका रेणूला सोडिअम हायड्रॉक्साइडचे दोन एकक लागतात. ०.०५ मोलर (म्हणजे लिटरभर द्रावणात ०.०५ मोल) ऑक्झॅलिक आम्लाचे १० मिलिलिटर द्रावण उदासीन करायला सोडिअम हायड्रॉक्साइडचे १० मिलिलिटर लागले, तर त्याची संहती ०.१ मोलर असते. समीकरणातला तो दोनाचा आकडा विसरलेला विद्यार्थी ०.०५ लिहितो, आणि ब्युरेटवरचे (द्रावण मोजून सोडण्याच्या नळीवरचे) त्याचे वाचन मात्र अगदी अचूक असते. शिवाय ज्याला संतुलन हा आकड्यांचा खेळ वाटतो तो ऑक्सिजन जुळवण्यासाठी पाण्याच्या सूत्रातच बदल करतो. म्हणजे पुन्हा हायड्रोजन पेरॉक्साइड, आणि आपण पाणी बनवायला निघालो होतो हेही तो विसरलेला असतो.

पाचव्या मुद्द्यातही थोडे तथ्य आहे. कवचांत इलेक्ट्रॉन भरण्याचे शालेय चित्र पुढे बदलते. एका कवचात दोन गुणिले एनचा (कवचाच्या क्रमांकाचा) वर्ग इतके इलेक्ट्रॉन मावतात या सूत्रावर विसंबणारा मुलगा पोटॅशिअमचे संरूपण २, ८, ९ असे लिहील. प्रत्यक्षात ते २, ८, ८, १ असते आणि त्याचे कारण अकरावीत कळते. निऑन, झेनॉन यांसारखे राजवायू कशाशीच संयोग पावत नाहीत हा समज नील बार्टलेट यांनी १९६२ मध्ये झेनॉनचे संयुग बनवून मोडीत काढला. बाहेरच्या कवचात आठ इलेक्ट्रॉन पूर्ण होतात हा अष्टकाचा नियमही बोरॉन ट्रायफ्लुओराइड किंवा फॉस्फरस पेंटाक्लोराइड यांना लागू पडत नाही. पण बदलते ते अणूच्या आतले चित्र. वस्तुमानाचा हिशेब, स्थिर प्रमाणाचा नियम, मोल, आम्ल आणि आम्लारी यांचे उदासिनीकरण यांतले काहीच रद्द होत नाही. ‘शून्यापासून शिकवतात’ हे विधान तर सरळ चुकीचे आहे. अकरावीचे पुस्तक मूलभूत संकल्पनांनीच सुरू होते हे खरे, परंतु तो पाठ आम्ही मोजक्या तासिकांत पुढे नेतो, कारण विद्यार्थ्याला तो ओळखीचा आहे असे गृहीत धरलेले असते.

याच मुद्द्याची एक बाजू संदेश लिहिणाऱ्याच्या लक्षातही आलेली दिसत नाही. अकरावीची विज्ञान शाखा बहुतेक ठिकाणी इंग्रजीतून शिकवली जाते, आणि मराठी माध्यमातून आलेल्या मुलाजवळ संयुजा, आम्लारी, अवक्षेप (द्रावणातून खाली बसणारा घन पदार्थ), क्षपण हे शब्द असतात. सेमी इंग्रजीच्या मुलांना हा अडथळा नसतो. ‘क्षपण’ म्हणजे रिडक्शन हे कळले तरी दोन्ही शब्द काहीतरी कमी होते असे सुचवतात आणि प्रत्यक्षात इलेक्ट्रॉन मिळालेले असतात, ही अडचण दोन्ही भाषांत सारखीच आहे. ‘क्षार’ तर घरी एका अर्थाने येतो आणि पुस्तकात दुसऱ्या. सुट्टीतले पंधरा दिवस रोज तासभर दोन्ही माध्यमांची नववी-दहावीची पुस्तके शेजारी ठेवून वाचली, तर जून-जुलैतला निम्मा गोंधळ टळतो. ही जुनी पुस्तके अप्पा बळवंत चौकात स्वस्तात मिळतात.

राहता राहिला प्रयोगांचा मुद्दा. जेईई मेन आणि नीट या दोन्हींच्या अभ्यासक्रमांत प्रात्यक्षिक रसायनशास्त्राच्या तत्त्वांवर स्वतंत्र घटक आहे, एवढे उत्तर गुणांचा विचार करणाऱ्यांना पुरावे. माझे कारण निराळे आहे. मागे एकदा एका तुकडीला मी चुन्याच्या निवळीत नळीने फुंकायला सांगितले. निवळी दुधासारखी झाली, सगळ्यांनी वहीत ‘कॅल्शिअम कार्बोनेटचा पांढरा अवक्षेप’ असे लिहिले आणि परीक्षानळ्या खाली ठेवल्या. एक मुलगी मात्र गप्पांच्या नादात फुंकतच राहिली, आणि काही मिनिटांनी तिची नळी पुन्हा स्वच्छ झाली. आपले काहीतरी चुकले असे वाटून ती नळी लपवू पाहत होती. मी तिला फळ्यावर दुसरे समीकरण लिहायला लावले : तयार झालेले कार्बोनेट आणखी कार्बन डायऑक्साइड आणि पाणी घेऊन विद्राव्य बायकार्बोनेट होते, म्हणजे पहिल्या पायरीला लागला तितकाच वायू पुन्हा एकदा लागतो. तिने ते संतुलित केले आणि विचारले की बोअरवेलचे पाणी तापवल्यावर हेच उलट होते का, कारण त्यांच्या वाघोलीच्या सोसायटीत टँकर आणि बोअरचे पाणी येते आणि गिझर दरवर्षी दुरुस्तीला काढावा लागतो. होय, तेच उलट होते; १६२ ग्रॅम कॅल्शिअम बायकार्बोनेटमधून १०० ग्रॅम कार्बोनेट खाली बसते, १८ ग्रॅम पाणी होते आणि ४४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड निघून जातो. पुढच्या आठवड्यात ती गिझरच्या कॉईलवरून निघालेला एक करडा खवला कागदात गुंडाळून घेऊन आली. घड्याळकाचेवर ठेवून त्यावर विरल हायड्रोक्लोरिक आम्लाचे चार थेंब टाकले, आणि तो फसफसू लागला.