मेंदू नाही म्हणून जेलीफिश पाळायला सोपा ठरत नाही

निळ्या प्रकाशात संथपणे वर-खाली होणाऱ्या पारदर्शक छत्र्यांच्या चित्रफितींसोबत एक दावा समाजमाध्यमांतून सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: जेलीफिश हा घरी पाळायला सर्वांत सोपा प्राणी आहे, त्याला मेंदू, हृदय आणि हाडे नसल्याने गरजाही जवळजवळ नसतात, टेबलावर मावेल एवढी काचेची टाकी, थोडे मिठाचे पाणी आणि दिवसाकाठी चिमूटभर खाद्य एवढ्यावर तो वर्षानुवर्षे जगतो, जखम झाली तर आपोआप भरते, कारण जेलीफिश ‘अमर’ असतो, तो अंधारात चमकतो, त्याच्यापासून इजा होत नाही, आणि नकोसा झालाच तर समुद्रात सोडून देता येतो.

यांतली काही विधाने अर्धवट खरी आहेत, काही भलत्याच जातीबद्दलची आहेत आणि दाव्याचा मूळ तर्क तर उलटाच आहे. ज्या प्राण्याला प्रवाहाविरुद्ध टिकून राहता येत नाही, अडथळा ओळखून वळता येत नाही आणि शरीरातील क्षारांचे प्रमाण बाहेरच्या पाण्यापेक्षा वेगळे राखता येत नाही, त्याची ही सारी कामे टाकीला आणि ती सांभाळणाऱ्या माणसाला करावी लागतात. घरगुती टाक्यांमध्ये ऑरेलिया प्रजातीचे म्हणजे ‘मून जेली’ या नावाने ओळखले जाणारे प्राणी सर्वाधिक आढळतात, म्हणून पुढील विवेचन मुख्यतः त्यांना धरून केले आहे.

माशांसाठीची कोणतीही लहान टाकी चालते, हे गृहीतक आधी तपासू, कारण बहुतेक नुकसान येथेच सुरू होते. मून जेली छत्र आकुंचित करून पुढे सरकतो खरा, परंतु तो मुळात प्लवक आहे, म्हणजे पाणी नेईल तिकडे जाणारा जीव आहे. खुल्या समुद्रात त्याची गाठ भिंतीशी, कोपऱ्याशी किंवा नळीच्या तोंडाशी सहसा पडत नाही, त्यामुळे त्यांपासून दूर राहण्याचे कसब त्याच्याकडे नाही. चौकोनी टाकीत तो कोपऱ्यात अडकून काचेवर घासत राहतो. प्रवाह मंद असेल तर तळाशी बसतो, जोराचा असेल तर गरगरत राहतो. आणि फिल्टरची शोषनळी उघडी असेल तर छत्राची कड तिच्यात ओढली जाऊन फाटते. माशांच्या टाकीत ज्यांच्यावाचून चालत नाही असे मानले जाते ते हवेचे बुडबुडे येथे घातक ठरतात, कारण छत्राखाली अडकलेला बुडबुडा प्राण्याला पृष्ठभागाकडे उचलून धरतो आणि कालांतराने त्या जागी भोक पाडतो.

ही अडचण काही घरच्या हौशी मंडळींनाच आलेली नाही. प्लवक प्रयोगशाळेत जगवायचे कसे, हा संशोधकांपुढचाही प्रश्न होता आणि त्यावर हेल्गोलँड या जर्मन बेटावर काम करणाऱ्या वुल्फ ग्रेव्ह यांनी १९६८ मध्ये ‘प्लँक्टनक्रायझल’ नावाच्या टाकीचे वर्णन प्रसिद्ध केले. पुढे अमेरिकेतील विल्यम हॅमनर यांनी जहाजावर वापरता येतील असे बदल तिच्यात केले, आणि कॅलिफोर्नियातील मॉन्टेरे बे मत्स्यालयासारख्या संस्थांनी जेलीफिशांची प्रदर्शने याच तत्त्वावर उभी केली. या टाकीत पाणी काचेला समांतर अशा पातळ थराने सोडले जाते. तो थर वक्र भिंतीवरून सरकत राहतो आणि प्राणी व काच यांच्यामध्ये पाण्याचीच गादी तयार होते. बाहेर जाणारे पाणी रुंद जाळीतून इतक्या सावकाश काढले जाते की जाळीजवळची ओढ प्राण्याच्या स्वतःच्या ताकदीपेक्षा कमी राहते. टाकी नुसती गोल असून म्हणूनच भागत नाही. टेबलावर ठेवण्यासाठी विकल्या जाणाऱ्या अनेक गोल भांड्यांत वक्र काच असते, पण एवढी जाळी बसवायला जागाच नसते, आणि मग ओढ एका लहान छिद्रापाशी एकवटते.

कॅसिओपिया हा जेलीफिश याला एक खरा अपवाद आहे. तो तळावर उलटा पडून राहतो, त्यामुळे त्याला फिरत्या प्रवाहाची गरज नसते. मात्र त्याच्या ऊतींत एकपेशीय शैवाले राहतात आणि त्याच्या पोषणाचा मोठा भाग त्यांच्या प्रकाशसंश्लेषणातून येतो, म्हणून त्याला शोभेचा दिवा पुरत नाही, चांगला प्रखर प्रकाश रोज अनेक तास द्यावा लागतो.

टाकी लहान म्हणून सांभाळायलाही सोपी, हा समज तर साध्या अंकगणितानेच कोसळतो. समुद्राच्या एक लिटर पाण्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. १० लिटरच्या टाकीतून अर्धा लिटर पाणी बाष्परूपाने गेले, तर क्षार मागेच राहतात आणि खारेपणा ३५ वरून जवळजवळ ३७ वर पोहोचतो. तेवढेच पाणी १०० लिटरच्या टाकीतून गेले तर तो जेमतेम ३५.२ होतो. मोठ्या टाकीचा पृष्ठभागही मोठा असल्याने तिच्यातून बाष्पीभवन अधिक होते हे मान्य केले, तरी फरक पुष्कळ उरतो. जेलीफिशाच्या शरीराचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग पाणी असतो आणि ते बाहेरच्या पाण्याशी समतोल राखून असते, त्यामुळे खारेपणातला अचानक बदल थेट त्याच्या छत्राच्या आकारावर, तरंगण्यावर आणि स्पंदनांच्या लयीवर दिसतो. घटलेले पाणी गोड्या पाण्याने भरून काढायचे असते, खाऱ्या पाण्याने नव्हे, ही प्राथमिक गोष्टही ‘थोडे मिठाचे पाणी’ या शब्दप्रयोगात हरवून जाते. स्वयंपाकाचे मीठ घातलेले पाणी म्हणजे समुद्राचे पाणी नव्हे, कारण समुद्रजलात सोडियम क्लोराइडबरोबर मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेट आणि बायकार्बोनेट ठरावीक प्रमाणात असतात. त्यासाठी मत्स्यालयाचे समुद्री क्षारमिश्रण आणि क्लोरीन काढलेले, शक्यतो आरओचे, पाणी लागते. माशांच्या रोगांवर वापरली जाणारी तांबेयुक्त औषधे या टाकीत एक थेंबही जाता कामा नयेत, कारण अपृष्ठवंशी प्राण्यांना तांबे अत्यल्प प्रमाणातही विषारी असते.

याहून मोठा धोका डोळ्यांना दिसत नाही. प्राण्याच्या उत्सर्गातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. एका गटातील जिवाणू त्याचे नायट्राइट करतात आणि दुसऱ्या गटातील जिवाणू नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू फिल्टरमध्ये स्थिरावायला साधारणपणे चार ते सहा आठवडे लागतात, आणि तोपर्यंत टाकीत जेलीफिश असता कामा नये. टाकी आणि प्राणी एकाच दिवशी घरी आणण्याचा सल्ला म्हणूनच मला निव्वळ बेजबाबदार वाटतो. त्यातच समुद्रजलाचा सामू सुमारे ८.१ असल्याने अमोनियाचा अधिक विषारी, अनआयनित अंश उदासीन गोड्या पाण्यापेक्षा येथे जास्त असतो. चाचणीत एकूण अमोनियाचा आकडा तोच आला, तरी खाऱ्या टाकीत तो अधिक घातक असतो.

यावर एक सयुक्तिक आक्षेप घेतला जातो, त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. प्रदूषित बंदरांत आणि कमी ऑक्सिजनच्या खाड्यांत मून जेलीचे प्रचंड थवे दिसतात, मग तो नाजूक कसा? ऑक्सिजनच्या बाबतीत हा आक्षेप बरोबर आहे. त्याच्या शरीरातील जेलीत ऑक्सिजन साठून राहतो आणि माशांपेक्षा तो अशा पाण्यात अधिक तग धरतो. पण बंदरातील पाण्याचा साठा एवढा अफाट असतो की तेथे खारेपणा आणि अमोनिया एका दिवसात टाकीतल्यासारखे उसळत नाहीत, आणि थवा टिकतो तो मुख्यतः तळाला चिकटून राहणाऱ्या पॉलिपांच्या, म्हणजे जेलीफिशाच्या आधीच्या अवस्थेतील जिवांच्या, चिवटपणामुळे, जे दर हंगामात नवे जेलीफिश सोडत राहतात. त्या थव्यातले किती प्राणी मेले याची मोजदाद कोणी ठेवत नाही. घरच्या टाकीत मात्र चारच प्राणी असतात.

खाद्याच्या बाबतीतला दावा सर्वांत फसवा आहे, कारण उपाशी जेलीफिश उपाशी दिसत नाही. मासा खंगला की त्याचे पोट आत जाते. जेलीफिश मात्र उपासमारीत स्वतःच्याच ऊती वापरून प्रमाणबद्धपणे लहान होत जातो. १० सेंटिमीटरचा प्राणी काही आठवड्यांत ६ सेंटिमीटरचा झाला, तरी तो तेवढाच देखणा दिसतो, आणि ‘लहान टाकीत तो लहानच राहतो’ हे वाक्य बरेचदा अशा उपासमारीचेच वर्णन असते. मून जेलीचे नेहमीचे खाद्य म्हणजे नुकत्याच उबवलेल्या आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या एका सूक्ष्म कवचधारी जिवाची, पिल्ले. त्यांची अंडी खाऱ्या पाण्यात सुमारे २४ तास उबवावी लागतात, टरफले वेगळी करावी लागतात, आणि पिल्लांमधला पिवळा बलक लवकर संपत असल्याने ती ताजी द्यावी लागतात किंवा मेदाम्लांनी समृद्ध करून द्यावी लागतात. हे काम बहुतेक दिवस करायचे असते. खाल्लेले अन्न पारदर्शक छत्रातून नारिंगी ठिपक्यांसारखे दिसते, ही पाळणाऱ्याची मोठीच सोय आहे. उरलेले पिपेटने काढून टाकले नाही, तर मागच्या परिच्छेदांतला अमोनिया तेथूनच येतो.

मेंदू नाही म्हणून त्याला काहीच कळत नाही, या विधानातला पूर्वार्ध निर्विवाद आहे. जेलीफिशाला मध्यवर्ती मेंदू नसतो, पण चेतापेशींचे जाळे असते आणि छत्राच्या कडेवर प्रकाश व गुरुत्व जाणणारी इंद्रिये असतात. १९९१ मध्ये कोलंबिया अंतराळयानातून नेलेल्या मून जेलींपैकी अंतराळात वाढलेल्या काही प्राण्यांना पृथ्वीवर परतल्यावर नीट पोहता येईना. वर कोणते आणि खाली कोणते, हे ठरवण्यासाठी त्यांच्याकडे यंत्रणा असते, म्हणून तर ती बिघडू शकते. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात कॅसिओपियाची स्पंदने रात्री सुमारे एक तृतीयांशाने मंदावतात आणि रात्री पाण्याचे झोत मारून त्यांना जागे ठेवले तर दुसऱ्या दिवशी ते सुस्त राहतात, असे आढळले. २०२३ मध्ये ट्रायपेडालिया या २४ डोळ्यांच्या लहानशा बॉक्स जेलीफिशाने अडथळ्यांना धडकण्याच्या अनुभवातून ते टाळायला काही मिनिटांत शिकल्याचे दिसून आले. यावरून जेलीफिशाला वेदना होतात असा निष्कर्ष मी काढणार नाही. पुरावा तेवढे सांगत नाही. पण रात्रभर रंग बदलणारा दिवा चालू ठेवायला हरकत नाही असे म्हणणाऱ्याच्या बाजूने तर तो मुळीच बोलत नाही.

अमरत्वाची कथा ट्युरिटॉप्सिस डोहर्नी या अर्ध्या सेंटिमीटरच्या आसपास वाढणाऱ्या जातीची आहे. इजा किंवा ताण झाल्यास तिचा प्रौढ प्राणी पुन्हा पॉलिप अवस्थेत जाऊ शकतो; तरीही माशाने खाल्ला तर तो मरतोच. घरच्या टाकीतला प्रौढ मून जेली सहसा काही महिने ते एखादे वर्ष जगतो आणि उत्तम निगा असेल तर थोडा अधिक. जखम भरण्याबाबतही अशीच गल्लत आहे. २०१५ च्या एका संशोधनात मून जेलीच्या पिल्लांचे काही बाहू कापले असता नवे बाहू उगवले नाहीत, तर उरलेले बाहू स्नायूंच्या स्पंदनांनी सरकून पुन्हा समतोल मांडणीत आले. ही विलक्षण क्षमता आहे. तथापि ती लाभली तरी जखमेचे कारण दूर करावेच लागते. रोज त्याच शोषनळीवर फाटणारे छत्र भरून येत नाही.

चमकण्याविषयी एवढेच पुरे की मून जेली स्वतः प्रकाशत नाही, चमकतो तो दिवा. २००८ च्या रसायनशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाशी जोडलेले चमकणारे हरित प्रथिन एक्वोरिया व्हिक्टोरिया या वेगळ्या जेलीफिशातून मिळाले होते.

डंखाबाबत दावा बराचसा खरा आहे, हे मान्य केले पाहिजे. मून जेलीचा डंख बहुतेकांच्या हाताच्या त्वचेला जाणवतही नाही. मात्र ओठ, डोळे आणि संवेदनशील त्वचेला तो झोंबू शकतो, तुटून पडलेल्या तंतूंतील दंशपेशीही काही काळ कार्यक्षम राहतात, आणि कॅसिओपिया तर दंशपेशीयुक्त चिकट स्राव पाण्यात सोडतो, त्यामुळे प्राण्याला न शिवताही हाताला खाज सुटू शकते. हातमोजे घालावेत, एवढी काळजी पुरते.

समुद्रात सोडून देण्याचा सल्ला मात्र इतरांनाही महागात पाडणारा आहे. विकत घेतलेल्या प्राण्याची जात त्या किनाऱ्यावरची असेलच असे नाही. फायलोरायझा पंक्टाटा हा ठिपकेदार जेलीफिश त्याच्या मूळ प्रदेशापासून दूर, मेक्सिकोच्या आखातात, २००० च्या उन्हाळ्यात प्रचंड संख्येने दिसला आणि तेथील कोळंबी पकडणाऱ्यांची जाळी त्याने भरून टाकली. शिवाय सोडले जातात ते केवळ दिसणारे प्राणी नव्हेत. टाकीत नर-मादी असतील, तर काचेवर, नळ्यांत आणि फिल्टरच्या कप्प्यांत मिलिमीटरभर पॉलिप वाढत असण्याची शक्यता असते, आणि मून जेलीचे पॉलिप प्रतिकूल काळासाठी कवचबद्ध कोशही तयार करतात. म्हणून टाकी मोडायची असेल, तर प्राणी ते सांभाळू शकणाऱ्या दुसऱ्या पालकाकडे किंवा मत्स्यालयाकडे सोपवावेत, पाण्यात ब्लीच घालून ते काही तास तसेच ठेवावे आणि मगच घरच्या सांडपाण्याच्या नळीत सोडावे, आणि काच, जाळी व पंपही ब्लीचच्या द्रावणाने धुऊन पूर्ण वाळवावेत. उघड्या गटारात किंवा ओढ्यात ते पाणी ओतू नये, कारण ते तेथून समुद्रापर्यंत पोहोचू शकते.