वाळू सांगतो

सोमवारी सकाळी आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजातल्या डिपार्टमेंटच्या ग्रुपवर मेसेज पडला, सर गेले. मी दुसऱ्या रेल्वे गेटात अडकलो होतो, गाडी जाऊन गेट उघडलं, मागचे हॉर्न मारूलालेत तरी मी तसाच बसून. चार दिवस झाले, लिहू की नको चाललं होतं, आज लिहितो. लांब होणार, वाचायचं त्यानं वाचा.

सर मूळचे गोकाककडचे, घरात कन्नड. मराठी शिकले ती बेळगावात येऊन, उद्यमबागच्या फाउंड्रीतल्या, म्हणजे वाळूच्या साच्यात वितळलेलं लोखंड ओतून कास्टिंग करतात तिथल्या, कामगारांकडून, त्यामुळं शिव्या एकदम बिनचूक आणि स्त्रीलिंग-पुल्लिंगाचा पार खिचडा. 'कास्टिंग फुटली', 'भट्टी पेटला', 'वाळू आला'. आम्ही कँटीनमध्ये सरांची नक्कल करायचो, सरांना ते माहीत होतं, एकदा चहा घेत मागंच उभे होते आणि म्हणाले, बरोबर जमलं नाही रे, अजून चुकीचं बोलायला पाहिजे.

आम्ही खानापूर साइडची पोरं, दहावीपर्यंत मराठी मीडियम. तेव्हा धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाखाली होतो आम्ही, बेळगावजवळ मच्छेला व्हीटीयू, म्हणजे टेक्निकल युनिव्हर्सिटी, आली 1998 नंतर. पहिल्या सेमिस्टरला इंग्लिश डोक्यावरून जायचं, 'श्रिंकेज अलाउन्स' म्हटलं की सगळे मान खाली घालून बसणार. सर डस्टर ठेवून म्हणाले, नवा मांजरपाट धुतला की आकसतो, मग परकर बेतताना आई चार बोटं जास्त धरतो की नाही? बीड, म्हणजे कास्ट आयर्न, पण गार होताना आकसतो, म्हणून पॅटर्न, साचा पाडायचा नमुना, मीटरमागं दहा एक मिलीमीटर मोठा. झालं. आईला 'धरतो' म्हटल्यावर वर्ग हसला, पण माझ्या डोक्यातनं ते परत कधी गेलं नाही.

लॅबमध्ये माझं पहिलं कास्टिंग निघालं ते अंबोळीसारखं, नुसती छिद्रं. मला वाटलं आता सगळ्यांसमोर धुणार. सरांनी एक शब्द बोलला नाही, ढिगातली मूठभर वाळू घेऊन माझ्या हातात दिली, दाब म्हणाले. दाबली. उघडली तर अर्धी तळव्यालाच चिकटलेली. नीट वाळू असली तर बोटांचे वळ दिसतात गोळ्यावर आणि मोडला की भाकरीच्या तुकड्यासारखा सरळ मोडतो, भुगा झाला तर पाणी कमी, चिकटली तर जास्त. पाण्याची वाफ झाली की दीड हजार पटीच्या वर फुगते, बाहेर जायला वाट नसली की ती तापलेल्या रसातच घुसते, छिद्रं त्याचीच. 'पुस्तक नंतर. आधी वाळूला विचार, वाळू सांगतो.' मॉइश्चर टेस्टर कोपऱ्यात होताच की, पण आधी मूठ, मग मीटर, हा सरांचा नियम.

पुढं 2009 ला मी त्याच डिपार्टमेंटला लेक्चरर म्हणून लागलो. सरांच्या टेबलावर पेपरवेट म्हणून एक छिद्रांचं कास्टिंग, मधोमध हॅकसॉनं कापलेलं. हे तुझंच म्हणायचे. मला नाही वाटत, असं प्रत्येकाला सांगत असणार, पण मी कधी वाद घातला नाही.

सरांचं पेपर तपासणं शेजारी बसून बघितलंय मी. उत्तर चुकलं असलं तर ते मागं मागं जायचे, पोरगं नेमकं कुठं घसरलं ते सापडेपर्यंत, आणि तिथपर्यंतचे मार्क मोजून द्यायचे. एका पेपरला वीस मिनिटं. मी तोवर चार उडवलेले असायचे.

आता जे लिहितोय त्यानं कुणाला राग आला तर येऊ दे. पीएचडी नाही म्हणून हा माणूस रिटायर होईपर्यंत असिस्टंट प्रोफेसरच राहिला. अक्रेडिटेशन, म्हणजे कॉलेजला दर्जा द्यायची तपासणी, आलं की सीओ-पीओच्या, म्हणजे पोरांना काय यायला पाहिजे त्याच्या, फाइली, ते किती आलं त्या अटेनमेंटचं एक्सेल, फोटो, परत फाइली. मूठ दाबायला शिकवलं हे कुठल्या कॉलममध्ये भरायचं? आणि दुसऱ्यांना कशाला बोलू, एका वर्षी फाइलींचा कोऑर्डिनेटर मीच होतो. सर पोरांना घेऊन फाउंड्रीत निघालेले आणि मी पॅसेजमध्ये अडवून म्हटलं, सर, व्हिजिट पुढं ढकला, आधी तुमची फाइल पूर्ण करा. सर 'हं' म्हणाले आणि पोरांना परत पाठवलं. संध्याकाळी सातपर्यंत चष्मा कपाळावर चढवून एका बोटानं टाइप करत बसले होते. ती फाइल कपाटात आहे अजून, कमिटीनं उघडली पण नाही. सरांनी ते परत कधी काढलं नाही, मीही नाही. सॉरी म्हणायला दहा वर्षं होती माझ्याकडं.

काल फर्स्ट इयरची लॅब होती. एका पोरीच्या हातात वाळू दिली, दाब म्हटलं. आता काय बघायचं सर? म्हणाली. मी म्हटलं, वाळू सांगतो.

मागनं एक पोरगं हळूच म्हणालं, सर, सांगते.