दिव्यांग मुलांना वर्गात ‘नको ते’ शिकवतात? खुलासा

कुर्ला-घाटकोपरकडच्या पालकांच्या ग्रुपवर एक मेसेज फिरतोय: विशेष मुलांना पाच-सहा वर्षांचे असतानाच लैंगिक शिक्षणाच्या नावाखाली नको ते दाखवतात, आणि तसंही त्यांना काय कळतंय! दोन्ही गोष्टी चुकीच्या आहेत.

या वयात शिकवायचं ते एवढंच: अवयवांची खरी नावं, खासगी भाग कोणते, ‘नको’ कसं म्हणायचं, कुणाला सांगायचं. बोलता न येणारं मूल ज्यावरच्या चित्रांवर बोट ठेवून सांगतं, त्या चित्रफलकावर भूक, पाणी, बस असतं. त्यावर शूच्या जागेचं आणि ‘थांबा’चं चित्रच नसेल तर त्याने तक्रार करायची कशी? डोळ्यांनी दिसत नसलेल्या मुलीला चित्रं उपयोगाची नाहीत; अवयव हाताने ओळखता यावेत म्हणून तिच्या हातात बाहुली द्यावी लागते. ज्याचं डायपर रोज कुणी ना कुणी बदलतं, त्याला तर मदतीचा स्पर्श आणि नकोसा स्पर्श यांतला फरक सगळ्यात आधी कळायला हवा. घरीही ‘आता बदलू का?’ असं विचारा, आणि त्याने मान हलवेपर्यंत खरंच थांबा.

मुलाच्या अपंगत्वाचा गैरफायदा घेऊन केलेला लैंगिक अत्याचार २०१२चा पॉक्सो कायदा (मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा) अधिक गंभीर गुन्हा मानतो. शंका असेल तर शाळेत जाऊन ती चित्रं स्वतः बघा. मुलाने काही खुणावलं तर १०९८ या मुलांसाठीच्या हेल्पलाइनवर फोन करा.