‘अभ्यासाच्या गोळी’चा मेसेज: काउंटरवरून एकेक उत्तर

गेल्या महिन्यात एके रात्री दुकान आवरायला घेतलं होतं, तेवढ्यात पीयूसीच्या दुसऱ्या वर्षाचा, म्हणजे बारावीचा, एक मुलगा आला. गाव खानापूर तालुक्यात, इथे बेळगावात टिळकवाडीला दोघा मित्रांबरोबर खोली करून राहतो. सर्दी-खोकल्याचं काहीबाही न्यायला नेहमी येतो, म्हणून ओळखीचा. त्यानं मोबाइल पुढे केला. गोळ्यांच्या पाकिटाचा फोटो होता. “काकू, ही मिळंल काय? चारच पाहिजेत. चिठ्ठी नाही.”

पाकिटावरचं नाव मिथाइलफेनिडेट. एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकण्याच्या आणि अतिचंचलतेच्या आजारावरचं हे औषध. हे तुला कुणी सांगितलं म्हणून विचारल्यावर त्यानं एक मेसेज दाखवला. पुढच्या आठवड्यात तोच मेसेज आणखी दोघांच्या मोबाइलवर दिसला. त्यातला एक उद्यमबागकडे इंजिनिअरिंगला आहे.

मेसेजचा सार असा. परदेशातले हुशार विद्यार्थी ही गोळी घेऊनच पहिले येतात. ती मेंदूची ताकद वाढवते. रात्र रात्र जागता येतं आणि वाचलेलं सगळं लक्षात राहतं. डॉक्टर लहान पोरांनाही देतात, म्हणजे धोका नाही. कॉफीचाच प्रकार आहे, परीक्षेपुरती घेतली तर सवय लागत नाही. आणि चिठ्ठी असलेल्या मित्राकडून घेतली तर त्यात बेकायदा काही नाही. खाली ‘दहा जणांना पाठवा’.

बावीस वर्षं औषधं विकते आहे. यातलं प्रत्येक वाक्य मला टोचलं, म्हणून उत्तर देते.

परदेशात काही विद्यार्थी या गोळ्या घेतात, हे खरं आहे. ते लपवून उपयोग नाही. पण त्या घेतल्यामुळे ते पहिले येतात, हे कुठून आलं? निरोगी माणसांना अशी औषधं देऊन तपासलं गेलंय. २०१३ साली अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात ४६ जणांवर अभ्यास झाला. गोळीनं कामगिरीत ठळक फरक पडला नाही, पण गोळी घेतलेल्या दिवशी आपलं काम फार छान झालं असं त्या लोकांना वाटत होतं. २०१८ साली ऱ्होड आयलंडमध्ये १३ विद्यार्थ्यांना तपासलं. लक्ष थोडं वाढलं, वाचून समजण्यात फायदा दिसला नाही, आणि डोक्यात एका वेळी चार गोष्टी धरून ठेवण्याची जी स्मरणशक्ती असते, ती उलट घसरली. २०२३ चा मेलबर्न आणि केंब्रिज विद्यापीठांचा अभ्यास तर मी पोरांना नेहमी सांगते. ४० जणांना एक कोडं घातलं: ठरावीक वजनाच्या पिशवीत कोणत्या वस्तू भरल्या म्हणजे आतल्या मालाची किंमत सगळ्यात जास्त होईल? गोळी घेतल्यावर लोक जास्त वेळ झटत राहिले, वस्तू काढ-घाल जास्त केली, पण प्रत्येक चालीचा दर्जा खाली गेला. गोळी न घेता जे सरस होते, तेच गोळीनंतर बरेचदा सरासरीच्या खाली आले.

हे अभ्यास लहान आहेत, मान्य. पण ‘गोळी घेतली की पहिला नंबर’ या दाव्याला त्यातल्या एकाचाही आधार मिळत नाही. मला सगळ्यात घातक वाटतं ते २०१३ चं निरीक्षण. अभ्यास झाला नाही हे कळलं तर मुलगा पुन्हा पुस्तक उघडतो. झालाच आहे असं वाटलं तर तो उघडत नाही.

आता मेंदूच्या ताकदीचं. मिथाइलफेनिडेट मेंदूतल्या डोपामिन आणि नॉरॲड्रेनलिन या दोन रसायनांची परत उचल अडवतं, म्हणून ती पेशींच्या मधल्या जागेत जास्त वेळ राहतात. हुरूप येतो, कंटाळवाणं काम रेटवतं. हे औषध १९४४ साली स्वित्झर्लंडमध्ये बासेलला तयार झालं. ज्या रसायनशास्त्रज्ञानं ते बनवलं, त्याची बायको टेनिस खेळण्याआधी ते घ्यायची, आणि तिच्या रिटा या नावावरूनच त्याचं नाव रिटालिन पडलं. म्हणजे पहिल्या दिवसापासून त्यानं दिली ती तरतरी. न शिकलेला धडा त्यानं कुणाच्या डोक्यात उतरवला नाही.

आणि इथे मला आपल्या भागातल्या मुलांबद्दल बोलायचंय. दहावीपर्यंत मराठी शाळेत शिकलेला मुलगा पीयूसी सायन्सला गेला की रातोरात सगळं इंग्रजीत येतं. प्रकाशसंश्लेषणाचं फोटोसिंथेसिस होतं, त्वरणाचं ॲक्सिलरेशन. वर्गात शेजारचा कन्नडमध्ये शंका विचारतो, सर कन्नडमध्ये समजावतात, वहीत इंग्रजी उतरतं आणि याच्या डोक्यात मराठी चाललेलं असतं. एक पान वाचायला त्याला शेजारच्याच्या दुप्पट वेळ लागतो. मग त्याला वाटतं, माझं लक्षच लागत नाही, माझ्या मेंदूतच काही कमी आहे. त्या रात्रीचा मुलगा अगदी हेच म्हणाला. मी त्याला जीवशास्त्राचं पुस्तक काढायला लावलं. एक परिच्छेद त्यानं इंग्रजीत वाचला, मान हलवली. तोच मी मराठीत सांगितला, तर पुढचं त्यानं स्वतःच सांगितलं. त्याच्या डोक्यात काही कमी नव्हतं. तीन भाषांचं ओझं होतं, आणि त्यावर औषध नाही. दोन रकान्यांची वही आहे, डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी. मराठी शाळांच्या मास्तरांनी आणि पीयूसीच्या लेक्चररांनी मिळून ही वही पहिल्या महिन्यातच करून घेतली, तर कितीतरी मुलं असल्या मेसेजच्या वाटेला जाणार नाहीत.

‘रात्र रात्र जागून सगळं लक्षात राहतं’ या वाक्यात तर दोन गोष्टी एकमेकींच्या विरुद्धच आहेत. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात दोन विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरं पाठ करायला दिली. पाठ करून झोपल्यावर त्यांना जास्त आठवलं, पाठ करून जागे राहिल्यावर कमी. दिवसभर वाचलेलं पक्कं करायचं काम मेंदू झोपेत करतो, हे त्यानंतर पुन्हा पुन्हा दिसलंय. गोळी नेमकी तीच झोप हिरावते. तिचा अंमल उतरला की अंगातलं बळ जातं, भूक उसळते, मन खाली बसतं, आणि ती वेळ पेपरच्या सकाळीच गाठ घालते.

डॉक्टर लहान मुलांना देतात, याबद्दल मात्र जपून लिहिते, कारण असं औषध खरोखर लागणारी मुलं माझ्या ओळखीत आहेत. एडीएचडी हा खरा आजार आहे. डॉक्टर निदान करताना लक्षणं बारा वर्षांच्या आधीपासून आहेत का, घरी आणि शाळेत दोन्हीकडे दिसतात का, हे विचारतात. मग कमी मात्रेपासून सुरुवात करतात, नाडी, रक्तदाब, वजन बघत राहतात. कुटुंबात कुणाला हृदयाचा त्रास होता का, हेही विचारतात. अशा मुलाला ही गोळी वर्गात बसायला, वाक्य पुरं करायला मदत करते. त्याच्या आईबापांनी हा लेख वाचून औषध बंद करू नये, हे हात जोडून सांगते.

पण त्याच गोळीनं ज्याला आजार नाही त्याची छाती धडधडू शकते, रक्तदाब चढू शकतो, हात थरथरतात, जेवण तुटतं, जीव घाबरा होतो. क्वचित भास होतात, संशय येऊ लागतो. हृदयात जन्मजात दोष असेल आणि तो कुणाला माहीतच नसेल, तर काय होईल याचा अंदाज खोलीतला मित्र करू शकत नाही. मेसेजमध्ये मोडाफिनिलचंही नाव होतं. ते अतिनिद्रेच्या आजाराचं औषध. त्यानं क्वचित कातडी सोलून निघावी असं गंभीर पुरळ उठतं, आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा असरही ते कमी करतं. हे दुसरं कोणत्याही मेसेजमध्ये मी अजून वाचलेलं नाही.

कॉफीशी तुलना चुकीची आहे. कॅफीन शिणवट्याचा संदेश थोडा वेळ अडवतं. ही औषधं डोपामिनवर काम करतात, आणि सवयीचं मूळ डोपामिनपाशीच असतं. म्हणून तर मिथाइलफेनिडेटच्या पत्रकावर अमेरिकेत गैरवापर आणि व्यसनाचा इशारा चौकटीत छापावा लागतो. ‘परीक्षेपुरती’ म्हणजे नक्की किती? युनिट टेस्ट, प्रिपरेटरी, बोर्ड, सीईटी, नीट, नंतर सेमिस्टर. आपल्या मुलांची परीक्षा संपते कधी? जपाननं हे मोठ्या प्रमाणावर भोगलं. युद्धानंतर तिथे जागं ठेवणाऱ्या मेथाम्फेटामिनच्या गोळ्या खुलेआम मिळायच्या, व्यसन इतकं पसरलं की १९५१ साली खास कायदा करावा लागला.

कायद्याचं आता सांगते. मिथाइलफेनिडेट औषध नियमांच्या शेड्यूल एक्समध्ये येतं. ते विकायला दुकानाला वेगळा परवाना लागतो. चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि एक प्रत दुकानदाराला दोन वर्षं जपून ठेवावी लागते. माझ्याकडे तो परवाना नाही, म्हणून ते औषध नाही. शिवाय १९८५ च्या अमली पदार्थ कायद्याच्या यादीतही ते आहे. चिठ्ठी एका माणसाच्या नावाची असते. मित्रानं त्यातल्या चार गोळ्या तुला दिल्या, की तुम्ही दोघंही कायद्याच्या कचाट्यात. त्या मित्राचं औषध त्या महिन्यात कमी पडतं, ते निराळंच.

मेसेजमध्ये जे नाही तेही सांगायला हवं. अ‍ॅडेरॉल नावाचं याच जातीचं जे औषध ‘ऑनलाइन मिळतं’ म्हणतात, ते भारतात रीतसर विकलंच जात नाही. मग पार्सलमध्ये काय येतं? २०२२ च्या मे महिन्यात अमेरिकेत ओहायो स्टेट विद्यापीठाच्या दोन विद्यार्थिनी मरण पावल्या. त्या सुमाराला विद्यापीठानं मुलांना इशारा दिला होता, की अ‍ॅडेरॉल म्हणून फिरणाऱ्या बनावट गोळ्यांत फेंटानिल, म्हणजे अगदी थोड्या मात्रेतही जीव घेऊ शकणारं वेदनाशामक, असण्याची शक्यता आहे. त्याही अभ्यासाच्याच वयाच्या मुली होत्या.

हे थांबवायचं तर मुलांना नुसतं दटावून भागणार नाही. ज्या घरात ही गोळी चिठ्ठीवर चालू आहे, तिथे ती मोजून, मोठ्यांच्या हातात राहावी. मूल हॉस्टेलवर असेल तर कुलपात, आणि ‘माझ्याकडे आहे’ हे खोलीभर सांगू नये. कुणी मागितली तर ‘आई मोजते’ एवढंच म्हणावं, भांडण होत नाही. माझ्या धंद्यातल्या भावाबहिणींना सांगणं: चिठ्ठीचा मोबाइलवरचा फोटो दाखवला म्हणून मोडाफिनिलचं पाकीट काढून देऊ नका. चार गोळ्यांत आपलं दुकान चालत नाही. कॉलेजांनी एका आठवड्यात तीन-तीन इंटर्नल्स ठेवणं बंद केलं, तरी रात्रभर जागायची गरज बरीच कमी होईल.

घेतलीच असेल आणि छातीत दुखलं, श्वास लागला, किंवा मित्र वेड्यासारखं बोलू लागला, तर लपवत बसू नका. १०८ ला फोन करा आणि काय घेतलंय ते डॉक्टरांना खरं सांगा. मन बसलं असेल, सुटत नसेल, तर १४४१६ वर टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीला फोन करा, पैसे लागत नाहीत. लक्ष खरोखर लहानपणापासून लागत नसेल तर इथल्या बिम्स या सरकारी रुग्णालयात किंवा धारवाडच्या डिमहान्स या मानसिक आरोग्य संस्थेत मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

तो मुलगा परवा पुन्हा आला. दोन रकान्यांची वही दाखवायला. ‘ऑस्मॉसिस’समोर त्यानं काहीच लिहिलं नव्हतं, शब्द आठवत नव्हता. मलाही लगेच आठवला नाही. तेवढ्यात रांगेत मागे उभ्या असलेल्या निवृत्त मास्तरांनी सांगितलं, परासरण. त्यानं काउंटरवर वही टेकवून तिथेच लिहून घेतलं.