पाणी काय मोजाची चीज हाय का?

शेतात पाण्याची बचत करायची तुमची इच्छा मनापासून असेल, तर आधी एक पथ्य पाळा. पाणी मोजू नका. खत मोजा, मजुरी मोजा, शेजाऱ्याच्या संत्र्याला काय भाव मिळाला तेही मोजा, पण पाणी मोजलंत की सगळा घोटाळा होतो. एकरभर शेतात नुसतं इंचभर पाणी उभं केलं तरी लाख लिटरच्या वर जातं, म्हणजे दहा हजारांचे दहा टँकर. पाटाने भिजवताना इंचावर कोण थांबतो? तेव्हा हा हिशेब डोक्यात शिरू देऊ नका, रात्री झोप लागणार नाही.

आमचे मोठे काका काटोलकडे असतात. सव्वाचार एकर संत्रा. त्यांना मी एकदा विचारलं, मोटर तासाला किती पाणी फेकते? ते म्हणाले, "पाणी काय मोजाची चीज हाय का बाप्पा? मोटर चालू हाय, पाट भरून राहिला, अजून काय पाहिजे?" या वाक्यावर विदर्भाची अर्धी सिंचन-नीती उभी आहे. उरलेली अर्धी गोसीखुर्द धरणावर. त्याचं भूमिपूजन 1988 साली झालं, त्यामुळे तिथे घाई करण्यासारखं काही नाही.

विहीर आटली तर काय करायचं? विहिरीत वरून पाणी कसं मुरेल, असला विचार करू नका. सरळ पायाळू माणूस बोलवा. तो तळहातावर नारळ घेऊन अनवाणी धुऱ्याने, म्हणजे बांधाने, फिरेल. नारळ उभा राहिला की तिथे चुन्याची फुली मारायची. मग तामिळनाडू पासिंगची बोअरची गाडी येईल. काकांकडे आली तेव्हा मी होतो. रात्रभर घरघर चालली होती. सकाळी आंगणातली तुळस, बैल आणि काकांच्या मिशा एकाच राखाडी रंगाच्या झाल्या होत्या. सातशे फुटांवर गाडी थांबली. बाहेर आला तो कोरडा भुगा. आपल्या काळ्या खडकात खाली काही तळं भरलेलं नसतं. पाणी असतं ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत, आणि तेही पावसाने टाकलं तेवढंच. शेतीसाठी 60 मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा, खोल जायला 2009च्या भूजल कायद्यात मनाई आहे. पण कायदा मीटरमध्ये आणि बोअरवाला फुटात बोलतो, तेव्हा दोघांची गाठ पडत नाही.

आता ठिबक. ठिबक जरूर घ्या. अनुदान आहे, छोट्या शेतकऱ्याला 80 टक्क्यांपर्यंत. नळ्या अंथरा, साहेब येतील, मोबाइलवर फोटो काढतील, जागेची नोंद होईल. त्यानंतर नळ्या गुंडाळून गोठ्याच्या आढ्याला टांगा. एखाददुसरी कपडे वाळत घालायला काढली तरी चालेल, काकूचा अनुभव आहे की ती ऊन चांगलं सोसते. नळ्या शेतातच ठेवायच्या असतील तर फिल्टर कधी धुऊ नका. तोट्यांवर पांढरा क्षार धरू द्या, निम्म्या बंद पडल्या की "ठिबक आपल्या जमिनीला मानवत नाही" असं पारावर सांगून पाटाकडे परत या. तोट्या बुंध्याला चिकटवूनच ठेवा. पाणी पिणारी मुळं झाडाच्या घेराखाली पसरलेली असतात आणि बुंधा ओला राहिला की डिंक्या लागतो, म्हणून दुहेरी आळं करा, हे सांगणारी लिंबूवर्गीय फळांची केंद्रीय संशोधन संस्था नागपुरात अमरावती रोडवरच आहे. इतक्या जवळ असलेल्या माणसाचं कोण ऐकतं?

आणि समजा ठिबक खरोखर चाललं, पाणी खरोखर वाचलं, तर घाबरू नका. वाचलेल्या पाण्यावर ताबडतोब दोन एकर नवी बाग लावा. कार्यक्षमता वाढल्याचा आनंदही मिळतो आणि विहीर पूर्वीच्याच तारखेला आटते. (हा सल्ला मात्र मी गंमत म्हणून देत नाही आहे. जवळपास सगळे हेच करतात.)

लाइन रात्री येते, म्हणून ऑटो स्विच लावून घ्या. दोन वाजता तुम्ही घोरत असता, मोटर आपोआप सुरू होते, तीन वाजता बाग भरते, आणि सहापर्यंत पाणी नाल्याला जातं. नाल्यालाही तहान असतेच की. कापसाची पऱ्हाटी आणि गवत झाडाखाली पसरलं तर ओल टिकते, म्हणून ती आधी पेटवून द्या.

हवामान बदलाचा मात्र आदर करा. तो फार उपयोगी आहे. पाऊस महिनाभर दडी मारतो आणि एका रात्रीत शंभर मिलिमीटर ओतून जातो, 2023च्या सप्टेंबरात नागपूरकरांनी अंबाझरी तलावाच्या खाली ते पाहिलं आहे. तेव्हा दोष सगळा आभाळाचा. वर्षाला हजार मिलिमीटर म्हणजे एकरी चाळीस लाख लिटर आपल्या डोक्यावर पडतं, हे कुणाला सांगू नका. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातलं हिवरे बाजार गाव त्याच्या निम्म्याहून कमी पावसात दरवर्षी ग्रामसभेत पाण्याचा ताळेबंद मांडतं, आणि सिंचनासाठी बोअर घेऊ देत नाही. तिथे सहल न्या. फोटो काढा. जेवण चांगलं मिळतं.

एवढं सांगूनही मी परवा काटोलला गेलो तेव्हा माझ्याकडून पथ्य मोडलं. मोटरचं पाणी ड्रममध्ये सोडायचं, दोनशे लिटर किती सेकंदात भरतात ते घड्याळात पाहायचं, इतकंच काम. काकूला ड्रम मागितला.

"त्यात तुरी भरल्या हायत," काकू म्हणाली. "पोतं आन पहिले."

पोतं शोधेपर्यंत लाइन गेली.