432 हर्ट्झवर उतरवलं म्हणून गेमचं संगीत प्राचीन होत नाही

गेमसाठी संगीत करणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: इजिप्त, ग्रीस, बॅबिलोन, भारत, तिबेट, सगळीकडची प्राचीन वाद्यं 432 हर्ट्झला लावलेली असत, म्हणजे वाद्यं जुळवायचा पाश्चात्त्य 'ए' हा स्वर आजच्या 440 ऐवजी 432 ला. 1939 मध्ये नाझी प्रचारमंत्र्याने जगावर 440 लादलं. म्हणून प्राचीन काळातल्या गेमचा साउंडट्रॅक तयार झाला की तो अख्खाच्या अख्खा 32 सेंट (सेंट म्हणजे अर्धस्वराचा शंभरावा भाग) खाली उतरवा, खेळणाऱ्याच्या मेंदूला तो काळ आपोआप जाणवतो. वर एक डुडुक (आर्मेनियाचं फुंकवाद्य) आणि खाली एक आधारस्वर ठेवला की झालं, कारण त्या काळचं संगीत कसं वाजायचं हे तसंही कुणालाच माहीत नाही.

माझ्या भाचीने हे वाचून तिच्या गेमचं मिक्स झालेलं संगीत खाली ओढायला घेतलं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

आधी एक गोष्ट बघा. पहिलं आणि शेवटचं वाक्य एकत्र नांदूच शकत नाहीत. त्या काळचं संगीत कुणालाच माहीत नसेल, तर ते 432 ला लावलेलं होतं हे कुणाला कळलं?

"सगळी प्राचीन वाद्यं 432 ला लावलेली होती"

हर्ट्झ म्हणजे सेकंदाला होणारी कंपनं. ती मोजायला आधी सेकंद हाताशी हवा आणि कंपनं मोजायची रीतही हवी. ताणलेल्या तारेच्या कंपनांचा असा हिशेब सतराव्या शतकात मेर्सेन या फ्रेंच अभ्यासकाने मांडला. त्याआधी माणसं सूर लावत होती ते एकमेकांच्या संबंधाने. हा अंदाज नाही, याचा लेखी पुरावा आहे.

प्राचीन मेसोपोटेमियातल्या उर शहरातली एक मातीची पाटी आहे, इ.स.पू. 1800 च्या सुमाराची. अभ्यासक तिला यूईटी 7, 74 या क्रमांकाने ओळखतात. नऊ तारांचं वाद्य एका सुरावटीतून दुसऱ्या सुरावटीत कसं न्यायचं, याच्या सूचना तिच्यावर आहेत. पद्धत अशी: वाद्य अमुक सुरावटीत असताना तारांची अमुक जोडी 'स्वच्छ' लागत नाही, मग त्या जोडीतली एक तार बदला, जोडी स्वच्छ होईल आणि वाद्य पुढच्या सुरावटीत जाईल. इशर्तुम नावाच्या सुरावटीत कब्लीतुम नावाची जोडी अस्वच्छ असते. ती सुधारली की वाद्य कब्लीतुममध्ये आलं. ही अस्वच्छ जोडी म्हणजे आपल्या भाषेत सा आणि तीव्र मध्यमाचं अंतर. बाकी जोड्या षड्ज-पंचम आणि षड्ज-मध्यम भावाच्या. असं करत सात सुरावटींचं चक्र पूर्ण होतं. पहिली तार किती उंच लावायची, याबद्दल या पद्धतीत काहीही नाही, कारण पद्धतीला त्याची गरजच नाही. ज्या बॅबिलोनच्या नावाने 432 खपवलं जातंय, तिथल्याच वाद्य लावण्याच्या सूचना सांगतात की सूर कानाने आणि जोडीजोडीने लागत होता.

आपल्याकडे वेगळं काय आहे? नाट्यशास्त्रात बावीस श्रुती दाखवायला भरत दोन वीणा घेतो. एक तशीच ठेवायची, दुसरीचे सूर पायरीपायरीने उतरवायचे आणि दोन्हींची तुलना करायची. तिथेही षड्जाची उंची ठरवून दिलेली नाही. आजही गाणारा काळी एक घेतो, गाणारी काळी पाच घेते, आणि राग तोच राहतो. या मातीत वाढलेल्या माणसाने 'प्राचीन भारत 432 ला गात होता' हे पुढे ढकलावं, याचा खरंच राग येतो.

आता फुंकवाद्यं. जर्मनीतल्या होले फेल्स गुहेत सापडलेली गिधाडाच्या हाडाची बासरी 35,000 वर्षांहून जुनी आहे, आणि तिचं खालचं टोक तुटलेलं आहे. मूळ लांबीच अंदाजाने धरावी लागते, मग तिचा नेमका सूर कुठून आणायचा? आणि वाद्य अख्खं मिळालं तरी नळीतली हवा एक अंश सेल्सिअसने तापली की सूर सुमारे 3 सेंट चढतो. 432 आणि 440 मधलं अंतर 31.77 सेंट आहे. म्हणजे नळीतल्या हवेत 10-11 अंशांचा फरक पडला की तेवढा सूर हलला. पत्तीच्या वाद्यात तर नुसत्या ओठांच्या दाबाने याहून जास्त हलतो.

तिबेटी वाट्यांबद्दल एवढंच: वाटीचा सूर तिचा व्यास, जाडी आणि धातू यांवर ठरतो. दुकानातल्या दहा वाट्या वाजवल्यात तर दहा सूर मिळतील.

"साउंडट्रॅक 32 सेंट खाली उतरवा"

सगळ्यात जास्त नुकसान या सल्ल्याने होतं, म्हणून इथे आकडे घेऊन बोलू.

पहिलं म्हणजे याने संगीताच्या आत काहीच बदलत नाही. शिडी चार बोटं जमिनीत गाडली तरी पायऱ्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. समान बारा भागांत वाटलेल्या सप्तकात शुद्ध गंधार षड्जापासून 400 सेंटवर असतो. नैसर्गिक गंधार 386 वर आणि पंचमांच्या साखळीतून येणारा सुमारे 408 वर. कानाला जुनं किंवा वेगळं वाटतं ते या फरकांमुळे. सगळंच 32 सेंट उतरवलं तर गंधार 400 वरच राहिला, म्हणजे पियानोच, थोडा खाली लावलेला.

दुसरं, तयार ऑडिओ उतरवायचे दोन मार्ग आहेत आणि दोन्ही गेममध्ये अडचण करतात.

एक मार्ग म्हणजे वेग कमी करून सूर उतरवणं. 120 च्या लयीतला चार मात्रांच्या आठ बारचा लूप (पुन्हा पुन्हा वाजणारा तुकडा) बरोबर 16 सेकंदांचा असतो. 48 किलोहर्ट्झला, म्हणजे सेकंदाला आवाजाची 48,000 मोजमापं (सॅम्पल) घेतली तर, 7,68,000 सॅम्पल. उतरवल्यावर तो 16.296 सेकंदांचा होतो, म्हणजे 7,82,222.2 सॅम्पल. शेवटचा अपूर्णांक बघा: लूपचं टोक सॅम्पलच्या सीमेवर पडतच नाही. लय 117.82 च्या आसपास येते, पण वाइज किंवा एफमॉडमध्ये (गेममधला आवाज हाताळणारी सॉफ्टवेअरं) मात्रांची ग्रिड अजून 120 वर असते. प्रत्येक फेरीला 0.296 सेकंदांचा फरक साचतो आणि चार फेऱ्यांत तो दोन मात्रांच्या पुढे जातो. लढाई सुरू होताना पुढचा थर मात्रेवर यायचा असतो, तो अधांतरी येतो. मग दोष इंजिनात शोधला जातो.

दुसरा मार्ग म्हणजे लांबी तीच ठेवून फक्त सूर उतरवणं. यात डफ, झांजा, सिस्ट्रमची (प्राचीन इजिप्तचा खुळखुळा) खुळखुळ यांची सुरुवातीची धार पसरते. शिवाय फाइलच्या दोन्ही टोकांना अल्गोरिदमला पलीकडचा आवाज मिळत नाही, त्यामुळे लूपच्या सांध्यावर टिचकी ऐकू येते. उतरवणं टाळता येणारच नसेल, तर लूप सलग तीनदा ठेवा, तिन्हींवर एकत्र प्रक्रिया करा आणि मधला तुकडा कापून घ्या.

तिसरी अडचण लोकांच्या ध्यानातच येत नाही. संगीत उतरलं, पण वस्तू उचलल्याची किणकिण, मेनूचे सूर, पात्रांनी गायलेल्या ओळी सगळं 440 लाच राहिलं. पॅडचा (मागे लांब धरलेल्या सुरांचा) 432 आणि किणकिणीचा 440 एकत्र वाजले की सेकंदाला 8 ठोके पडतात, वरच्या सप्तकात 16. खेळणाऱ्याला वाटतं आवाज फाटतोय.

पायाभूत सूर खरोखर खाली हवाच असेल, तर तो मुळात खाली घ्या: सॉफ्टवेअर वाद्यांचं मास्टर ट्युनिंग बदला, तालवाद्यांना हात लावू नका, आणि सुरात असलेले सगळे इफेक्ट त्याच सुरात नव्याने काढा. त्यातून आवाजाला किंचित काळोखी येईल. चालेल, पण तिला प्राचीन म्हणू नका.

"440 नाझींनी लादलं"

1834 मध्ये स्टुटगार्टला शायब्लर या जर्मन संशोधकाने 440 ची शिफारस केली होती. अमेरिकेतल्या वादकांच्या संघटनेने 1917 मध्ये ते स्वीकारलं. 440 ठरवणारी 1939 ची आंतरराष्ट्रीय परिषद लंडनमध्ये भरली होती. विषय संपला.

एक अर्धसत्य मात्र मान्य करायला हवं. 432 हा आकडा हवेतून आलेला नाही. 1884 मध्ये इटलीच्या सरकारने लष्करी बँडसाठी 432 ठरवलं आणि ऑपेराकार व्हेर्दीने त्याला पाठिंबा दिला; वर चढत चाललेल्या सुरामुळे गायकांचे गळे ताणले जात होते, ही तक्रार खरी होती. पण ही गोष्ट एकोणिसाव्या शतकातली आहे, फारोंच्या काळातली नाही. त्याआधी युरोपात एक सूर नव्हताच. अलेक्झांडर एलिस या इंग्रज अभ्यासकाने 1880 मध्ये जुने ऑर्गन आणि ट्युनिंग फोर्क मोजून जी यादी छापली, तिच्यात हाच 'ए' स्वर 374 च्या आसपासपासून 505 च्या आसपासपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे भटकताना दिसतो. संगीतकार हँडेलचा ट्युनिंग फोर्क 422.5 चा.

"एक डुडुक ठेवा"

इथेही थोडं नाइलाजाने मान्य करतो. ग्रीकांचा औलोस हे दुहेरी पत्तीचं, सरळ पोकळीचं वाद्य, डुडुकही तसंच. सरळ पोकळी आणि पत्ती एकत्र आली की खालच्या सुरांत विषम क्रमांकाचे उपस्वर जोर धरतात, म्हणून औलोसच्या जागी शंकूसारख्या पोकळीच्या ओबोपेक्षा डुडुकचं सॅम्पल जवळचं वाटतं. पण डुडुक आर्मेनियाचं, जर्दाळूच्या लाकडाचं, आजही वाजणारं वाद्य आहे. ते इजिप्त, सुमेर, ग्रीस सगळीकडे चिकटवणं म्हणजे ऐकणाऱ्याला फसवणं.

शिवाय औलोस एकावेळी दोन वाजवतात. एकच ओळ आणि लांब रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) हे त्याचं चित्र नव्हे. दोन वेगळ्या ओळी स्वतंत्र घ्या, दोन्ही एकाच क्षणी सुरू करा आणि डावी-उजवी लांब फेकू नका, कारण दोन्ही नळ्या एकाच तोंडात आहेत. जुन्या चित्रांत वादकाच्या गालांवरून बांधलेला चामडी पट्टा दिसतो. फुंक अखंड ठेवत असावेत. बासरीच्या लायब्ररीतले श्वासाचे आवाज दर दोन बारला घातले की सगळं बिघडतं.

"कुणालाच माहीत नाही"

ग्रीक स्वरलिपीतले सुमारे 60 तुकडे आज उपलब्ध आहेत. सेकिलोसच्या प्राचीन ग्रीक स्मृतिस्तंभावर शब्दांच्या वर स्वरांची आणि लयीची चिन्हं आहेत, आणि ते गाणं पूर्ण आहे. स्वरांतरांची गुणोत्तरं टॉलेमी या प्राचीन विद्वानाने लिहून ठेवली आहेत. त्यांतलं आर्कायटस या ग्रीक विचारवंताचं एनहार्मोनिक (अगदी बारीक अंतरांचं) चतुःस्वर, म्हणजे चार स्वरांचा गट, घ्या: 28:27, 36:35, 5:4. म्हणजे 63, 49 आणि 386 सेंट. पहिली दोन अंतरं मिळून 16:15, म्हणजे नैसर्गिक कोमल रिषभ. सा आणि कोमल रे यांच्या मध्ये आणखी एक स्वर, आणि मग थेट मध्यमावर उडी. हे एकदा ऐकलंत की 432 चा विचारही मनात येणार नाही.

ते बसवायचं असं. स्काला फाइलमध्ये (सॉफ्टवेअर वाद्याला सुरांची अंतरं सांगणारी साधी मजकूर फाइल) वर्णनाची ओळ, मग स्वरांची संख्या 7, मग एकाखाली एक 28/27, 16/15, 4/3, 3/2, 14/9, 8/5, 2/1. षड्ज लिहायचा नसतो. सेंट वापरलेत तर दशांश चिन्ह विसरू नका, 63.0 म्हणजे सेंट, नुसतं 63 लिहिलं तर ते 63/1 असं गुणोत्तर धरलं जातं आणि सूर पाच सप्तकांहून जास्त वर जातो. सात स्वरांची फाइल बारा पट्ट्यांवर सलग पसरली तर वरचा षड्ज आठव्या पट्टीवर येतो, म्हणून मॅपिंग फाइल जोडून सप्तक पांढऱ्या पट्ट्यांवर बसवा.

वाद्य असे सूर-तक्ते वाचत नसेल तर पिचबेंड (वाजणारा सूर वर-खाली सरकवणारी मिडी सूचना) वापरा. 63 सेंटचा स्वर हवा तर 100 सेंटवरची पट्टी 37 ने उतरवायची. ±2 अर्धस्वरांच्या पल्ल्यात -37 सेंट म्हणजे सुमारे -1516. एकाहून जास्त स्वर एकत्र वाजणार असतील तर प्रत्येक स्वर वेगळ्या चॅनलवर. वाद्याचं ध्वनिमुद्रित सॅम्पल कंपाशिवायचं (व्हायब्रेटो नसलेलं) निवडा: ±20 सेंटच्या कंपात 49 सेंटची पायरी हरवते. कोरस (सूर किंचित हलवून आवाज जाड करणारा इफेक्ट) बंद ठेवा. रिव्हर्बची शेपटी आखूड ठेवा, नाहीतर शेजारचे दोन स्वर तिच्यात एकमेकांवर घासतात. आणि इंजिनात एकेरी आवाजांना वैविध्य यावं म्हणून जो रँडम पिच लावलेला असतो, तो लायरच्या (प्राचीन तंतुवाद्याच्या) छेडीवर चालू राहिला तर वरची सगळी मेहनत वाया जाते. सुरात असलेल्या प्रत्येक आवाजावरचा तो शून्य करा.